वंशावळीपासून सात युगांपर्यंत

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय, म्हणजे येशूची वंशावळ, आपण बहुतेक जण सोडून पुढे जातो, अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका झाला, नावं संपतच नाहीत. पण आज तिथूनच सुरू करूया, कारण इतिहास देवाच्या हातात आहे आणि तो टप्प्याटप्प्याने चाललाय ही जी आपली समज आहे ना, ती नव्या कराराच्या पहिल्याच पानावर आहे. सतराव्या वचनात मत्तय हिशोब देतो, अब्राहामापासून दावीदापर्यंत 14 पिढ्या, दावीदापासून बाबेलच्या बंदिवासापर्यंत 14, तिथून ख्रिस्तापर्यंत परत 14. आता जुन्या करारातली राजांची पुस्तकं काढून ताडून बघा, योराम आणि उज्जीया यांच्या मध्ये अहज्या, योवाश, अमस्या असे तीन राजे झाले आणि मत्तयाने ते घेतलेलेच नाहीत. कुणी म्हणेल चूक झाली, मला तसं अजिबात वाटत नाही. जुना करार इतका तोंडावर असलेला माणूस तीन राजे विसरत नाही. त्याला नुसती यादी द्यायचीच नव्हती, त्याला दाखवायचं होतं की आधी वचन मिळालं, मग राज्य आलं, मग राज्य गेलं, लोक परदेशात कैदी झाले, आणि तरी ते वचन चालूच राहिलं, येशूपर्यंत. बंदिवास हासुद्धा त्याने टप्पा म्हणून मोजलाय, हे मला फार मोठं वाटतं.

याच तीन टप्प्यांवर पुढे ऑगस्टीनने बांधणी केली. हा उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचा बिशप, 354 ते 430 हा त्याचा काळ. त्याने मत्तयाच्या तीन टप्प्यांच्या आधी दोन जोडले, आदामापासून जलप्रलयापर्यंत एक आणि जलप्रलयापासून अब्राहामापर्यंत दुसरा, आणि ख्रिस्तानंतरचा सहावा, म्हणजे आपला. उत्पत्तीचे सहा दिवस तसे इतिहासाचे सहा काळ, आणि सातवा विसाव्याचा. यात महत्त्वाची गोष्ट काय, तर 410 मध्ये गॉथ या जर्मन टोळीच्या लोकांनी रोम लुटलं होतं, लोक हादरले होते, जग बुडतंय असं वाटत होतं, आणि अशा दिवसांत तो म्हणतो की आधीचे काळ पिढ्यांनी मोजता येतात पण हा सहावा मोजता येत नाही, कारण काळ आणि समय पित्याने स्वतःच्या अधिकारात ठेवलेत असं प्रभूने प्रेषितांना सांगितलंय. रोम पडलं म्हणून देवाची योजना पडली असं त्याने होऊ दिलं नाही. आज कुठे युद्ध पेटलं की लगेच तारखा काढून व्हॉट्सअॅपवर फिरवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आता तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी जो सात युगांचा चार्ट बघितलाय, तो खूप नंतरचा. 19व्या शतकात आयर्लंड-इंग्लंडमध्ये जॉन नेल्सन डार्बी नावाचे उपदेशक होते, त्यांनी ही युगव्यवस्थेची शिकवण जोरात मांडली, आणि 1909 मध्ये अमेरिकेच्या सायरस स्कोफिल्ड यांचं टिपांसकट बायबल निघालं त्याने ती घरोघर पोचली. निर्दोषपणा, विवेक, मानवी सत्ता, वचन, नियमशास्त्र, कृपा आणि राज्य अशी ती सात युगं, प्रत्येकात देव माणसाला एक जबाबदारी देतो, माणूस कमी पडतो, न्याय होतो, पुढचं युग सुरू होतं. इस्राएल वेगळं, मंडळी म्हणजे ख्रिस्ताची चर्च वेगळी, असा या शिकवणीचा आग्रह आहे. या चार्टमुळे कितीतरी साध्या विश्वासणाऱ्यांनी लेवीयपासून प्रकटीकरणापर्यंत बायबल हातात घेऊन वाचलं, हे मी मनापासून मानतो.

पण युगायुगांमध्ये अशी रेघ ओढताना एक धोका होतो, असं वाटायला लागतं की मोशेच्या वेळी लोक नियम पाळून तरले आणि आपण कृपेने तरतो, जणू देवाने मध्येच पद्धत बदलली. रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांनी हे आधीच ओळखलं होतं, त्यांच्या श्रद्धेचं जाहीर निवेदन असलेल्या 1646 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारात स्पष्ट आहे की कृपेचा करार एकच, फक्त नियमशास्त्राच्या काळात त्याचा कारभार वेगळा आणि सुवार्तेच्या काळात वेगळा. मी स्वतः याच बाजूचा आहे आणि कारण पौल आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो सांगतो की नियमशास्त्र 430 वर्षांनी आलं, ते आधी दिलेलं वचन रद्द करू शकत नाही. म्हणजे नवीन काळ आला म्हणून जुनं वचन मोडलं असं होत नाही. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय घ्या, हाबेल, नोहा, अब्राहाम, मोशे, राहाब, दावीद, कुठल्या कुठल्या काळातली माणसं, पण सगळी एकाच विश्वासाने उभी आहेत, आणि शेवटी लिहिलंय की आपल्यावाचून ती पूर्ण होणार नव्हती.

दानीएलाच्या पुस्तकातल्या भविष्यवाणीतली सत्तर सप्तकं, म्हणजे सात-सातचे सत्तर गट, राहिली, 69 आणि 70 यांच्या मध्ये डार्बींच्या लोकांनी मंडळीचा सगळा काळ कसा बसवला तो विषय मोठा आहे, तो पुढच्या वेळी घेऊ, येताना नववा अध्याय वाचून या, आणि नुसती शेवटची चार वचनं नको, दानीएलाची प्रार्थना आहे ना तिथपासून वाचा.