क्लॅम्प काढल्यानंतरची वीस मिनिटं

नमस्कार श्रोतेहो. बायपासचं किंवा व्हॉल्वचं ऑपरेशन चालू असतं तेव्हा बऱ्याचदा पेशंटचं हृदय थांबवलेलं असतं, आणि तेवढा वेळ त्याचं रक्त फिरवायचं आणि त्यात ऑक्सिजन भरायचं काम हार्ट-लंग मशीन करतं. ते मशीन चालवणाऱ्या माणसाला परफ्युजनिस्ट म्हणतात, आणि ते माझं काम. सर्जन सगळ्यांना माहीत असतात, भूलतज्ज्ञ माहीत असतात, आमची खुर्ची जरा मागे असते.

थिएटरबाहेर बाकावर बसलेल्या नातेवाईकांना आतून निरोप येतो की मेन काम झालं, आता काळजी नाही, आणि मग अर्धा तास, पाऊण तास कुणीच बाहेर येत नाही. लोकांचा जीव टांगणीला लागतो. काम झालं तर पेशंटला बाहेर का आणत नाहीत, काही बिघडलं का, असं हळूच विचारतात. त्या वेळात आत काय चाललेलं असतं तेच आज सांगतो.

हृदय थांबवण्यासाठी त्यातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीला क्लॅम्प लावतात. आणि पोटॅशियम घातलेलं थंडगार द्रावण हृदयाच्या नसांमधून सोडतात, त्याने ते शांत पडतं. मग तासभर, कधी दीड तास त्या स्नायूला नेहमीसारखा रक्तपुरवठा नसतो. काम संपलं की क्लॅम्प काढायचा, रक्त परत जातं. ऐकणाऱ्याला वाटेल की झालं, सुटलो. पण आमची खरी धाकधूक तिथं सुरू होते.

ज्यांच्या गावात लोडशेडिंग असायचं त्यांना हे लगेच कळेल. लाईट गेलेली असताना टीव्ही जळत नाही, जळतो तो लाईट परत येताना, म्हणून आमची आई लाईट गेली की आधी सगळे स्विच बंद करायला लावायची आणि आली तरी जरा थांबून, व्होल्टेज बघून मग फ्रिज लावायची, आणि शेतावर मोटारीचं तर विचारूच नका. उपाशी राहिलेल्या अवयवात रक्त परत येतं तेव्हा असंच काहीसं होतं. रक्त थांबल्यामुळे जे नुकसान झालं ते वेगळं, आणि ते परत आल्यामुळे त्यावर वरून होणारं नुकसान वेगळं. याला रिपरफ्युजन इंज्युरी म्हणतात. १९६० साली रॉबर्ट जेनिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृदयावर प्रयोग करताना बघितलं की रक्त परत सोडलेल्या भागात पेशींची पडझड भराभर दिसायला लागते, न सोडलेल्या भागात तेच व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो.

आता हे का होतं. पेशी जगते ती एटीपी नावाच्या इंधनावर. रक्त थांबलं की नवीन एटीपी तयार होत नाही, असलेलं मोडत जातं, मोडून मोडून त्याचं हायपोझँथिन होतं आणि ते पेशीत साचत राहतं. दुसरीकडे पेशीतलं एक एन्झाइम, जे एरवी निमूटपणे आपलं काम करत असतं, ते या काळात रूप बदलतं आणि झँथिन ऑक्सिडेज होतं. म्हणजे माल साठलाय, मशीन तयार आहे, फक्त ऑक्सिजनची वाट बघणं चाललंय. आणि रक्त नेमका तोच घेऊन येतं! मग एका झटक्यात सुपरऑक्साइड आणि त्याच्यासारखे रेडिकल्स, म्हणजे ऑक्सिजनचे फार चिडके कण, बाहेर पडतात आणि पेशीचं आवरण, प्रोटीन, डीएनए, समोर जे येईल त्याला धरतात. हे १९८१ साली मांजरांच्या आतड्यावर काम करून ग्रेंजर, रुटिली आणि मॅकॉर्ड यांनी मांडलं. यातले जो मॅकॉर्ड म्हणजे ज्यांनी फ्रिडोविच यांच्याबरोबर १९६९ मध्ये सुपरऑक्साइडला निकामी करणारं आपल्या शरीरातलं एन्झाइम ओळखलं होतं, ते.

तुमच्यापैकी कुणाच्या घरात युरिक ॲसिड वाढलेलं माणूस असेल तर ॲलोप्युरिनॉलची गोळी ओळखीची असेल. ती गोळी हेच झँथिन ऑक्सिडेज अडवते. आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साऊथर्ड यांनी १९८० च्या दशकात ट्रान्सप्लांटसाठी काढलेले अवयव साठवायचं जे द्रावण तयार केलं, त्यात हे ॲलोप्युरिनॉल घातलेलं आहे. मी पहिल्यांदा त्या पिशवीवरचं लेबल वाचलं तेव्हा क्षणभर थांबलोच, सांधे दुखतात म्हणून घेतात ते औषध लिव्हरच्या बर्फाच्या डब्यात. (म्हणून हार्टसाठी कुणी आपल्या मनाने ती गोळी सुरू करू नका, ते वेगळंच प्रकरण आहे.)

बरं, माणसाच्या हृदयात हे एन्झाइम तसं कमी असतं, त्यामुळे तिथला मोठा वाटा मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीत एटीपी बनवणाऱ्या बारक्या भट्ट्यांचा. २०१४ मध्ये केंब्रिजच्या मायकल मर्फी यांच्या गटाने दाखवलं की रक्त थांबलेलं असताना तिथे सक्सिनेट नावाचा पदार्थ साचतो आणि ऑक्सिजन आल्याबरोबर तो इतका भसाभस जळतो की इलेक्ट्रॉन उलट्या दिशेने वाहायला लागतात आणि तिथून रेडिकल्स फुटतात. त्यात कॅल्शियम पेशीत घुसतं, स्नायू आवळतो तो सुटतच नाही. १९७२ मध्ये डेंटन कूली यांनी अशी हृदयं वर्णन केली होती, ऑपरेशननंतर आवळून दगडासारखी झालेली, त्यांनी नावच दिलं स्टोन हार्ट. आज हृदय वाचवायच्या पद्धती सुधारल्यात त्यामुळे ते फारसं बघायला मिळत नाही, पण आमच्या पिढीला शिकवताना सिनियर लोक ते नाव आवाज खाली करून घ्यायचे.

म्हणून क्लॅम्प एकदम काढून मोकळं होत नाहीत. बऱ्याच ठिकाणी आधी कोमट रक्ताचा एक डोस देतात, त्याला हॉट शॉट म्हणतात. क्लॅम्प निघतो त्या क्षणाला मी पंपाचा फ्लो खाली आणतो, प्रेशर उतरवतो, मग हळूहळू वाढवतो. ऑक्सिजन पण गरजेपुरताच.

ऑक्सिजनबद्दल जरा जास्त बोलतो, कारण आपल्याकडे नाकाला नळी लावली की नातेवाईकांना धीर येतो आणि काढली की भांडण. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला वर्षानुवर्षं शंभर टक्के ऑक्सिजन द्यायचे, त्यात कुणाला शंका नव्हती. पण तेही बाळ थोडा वेळ ऑक्सिजनशिवाय राहिलेलं असतं, म्हणजे त्याच्या पेशींत तोच माल साचलेला. नॉर्वेचे ओला सॉगस्टॅड हा प्रश्न धरून बसले होते, आणि त्यांच्यासोबत दिल्लीच्या डॉक्टर रामजींनी साधी हवा देऊन बाळं सावरतात का हे तपासलं, ते १९९३ मध्ये छापून आलं, नंतरच्या मोठ्या अभ्यासातही भारतातली हॉस्पिटलं होती. बाळं साध्या हवेवर सावरली. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय नियम बदलले, पूर्ण दिवसांच्या बाळाला श्वास देताना सुरुवात साध्या हवेने करा असं आलं. जगभरच्या लेबर रूमची सवय बदलली आणि त्यात आपल्या सरकारी हॉस्पिटलातल्या डॉक्टरांचा हात आहे, हे मला फार मोलाचं वाटतं आणि हे शाळेच्या पुस्तकात यायला हवं असंही वाटतं. मोठ्यांचंही तसंच, स्वीडनमध्ये सहा हजारांहून जास्त हार्ट अटॅकचा संशय असलेल्या पेशंट्सवर अभ्यास झाला, २०१७ मध्ये निकाल आला, ज्यांच्या रक्तात ऑक्सिजन मुळात पुरेसा होता त्यांना वरून देऊन काही फायदा झाला नाही. तर डॉक्टर म्हणाले नळीची गरज नाही, तर ऐका त्यांचं. आणि ज्याला खरंच कमी पडतोय त्याला मात्र तो लागतोच, त्यात मागेपुढे नको.

दान केलेला अवयव नेताना पोलिस ग्रीन कॉरिडॉर करतात, सिग्नल थांबवून अँब्युलन्स पळवतात, ती धावपळ पण यासाठीच. काढलेलं हृदय बर्फात साधारण चार तास, फार तर थोडं जास्त, लिव्हरला त्याहून जास्त, किडनीला दिवसभर मिळतो. हा वेळ जितका लांबतो तितका नवीन शरीरातलं रक्त आत शिरताना बसणारा फटका मोठा.

गावाकडच्या श्रोत्यांसाठी एक. साप चावला की वर दोरी किंवा फडकं करकचून बांधतात. बांधू नका, त्याने हात-पाय जायची वेळ येते. आणि कुणी आधीच बांधलं असेल तर वाटेत एकदम सोडूही नका, तसंच दवाखान्यात न्या. अडवलेलं विष आणि उपाशी स्नायूंतला सगळा माल एकदम अंगात जातो, तेव्हा शेजारी डॉक्टर आणि औषध तयार पाहिजे. १९४१ साली लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यात ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसं काही दिवसांनी किडन्या बंद पडून गेली, ते बायवॉटर्स आणि बील यांनी लिहून ठेवलंय. चिरडलेल्या पायावरचं वजन उठलं की स्नायूंतलं सगळं रक्तात उतरतं, म्हणून आता भूकंपात ढिगारा उचलायच्या आधीच सलाईन सुरू करायला सांगतात.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, रक्त परत येणंच घातक, मग हार्ट अटॅकमध्ये नस उघडायची कशाला? असं अजिबात मनात आणू नका!! नस बंद राहिली तर तिथला स्नायू मरणारच, उघडली तर त्यातला बराचसा वाचतो. माझ्या काकांच्या छातीत रात्री अकराला दुखायला लागलं, ॲसिडिटी असेल म्हणून गोळी घेतली, ओवा खाल्ला, कुणाला उठवायचं नको म्हणून पहाटेपर्यंत बसून राहिले. सकाळी नस उघडली, अँजिओप्लास्टी चांगली झाली, पण उघडून सुद्धा बारक्या वाहिन्यांतून रक्त पुढे जाईना, सुजून गच्च झाल्या होत्या. काका जगले, पण जिना चढणं संपलं. रात्री साडेअकराला मला फोन केला असता तर, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

हा फटका थांबवणारं औषध शोधायला लोक कितीतरी वर्षं राबतायत. रेडिकल्सना निकामी करणारे अँटिऑक्सिडंट देऊन बघितले, प्राण्यांत छान, माणसांत नाही. सायक्लोस्पोरिन नावाच्या औषधाने २००८ च्या छोट्या अभ्यासात आशा दाखवली, २०१५ च्या मोठ्या अभ्यासात काही हाती लागलं नाही. दंडाला बीपीचा पट्टा फुगवून-सोडून हृदयाला आधीच सावध करायचा उपायसुद्धा २०१९ मध्ये पाच हजारांवर हार्ट अटॅक पेशंट्समध्ये टिकला नाही. त्यामुळे आज हातात आहे ती वेळच, दुखायला लागल्यापासून नस उघडेपर्यंतची.

आणि आमच्या थिएटरमध्ये, क्लॅम्प निघाल्यावर. हृदय आधी नुसतं थरथरतं, मग कधी आपणहून ठेक्यात येतं, कधी छोटा शॉक द्यावा लागतो. ठोके आले तरी त्याच्यावर लगेच काम टाकत नाही, रक्त मशीनच फिरवत राहतं आणि हृदयाला नुसतं रिकामं धडधडू देतो, पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, लागलं तर जास्त. सर्जन हात बांधून उभे, भूलतज्ज्ञ मॉनिटरकडे बघतायत, मी फ्लोवर हात ठेवून. कुणी फारसं बोलत नाही. मग सर्जन म्हणतात, चला, थोडं भरा, आणि मी मशीनमधलं रक्त हळूहळू त्याच्याकडे द्यायला लागतो. तुम्ही बाहेर बाकावर बसलेले असता तेव्हा आत हे चाललेलं असतं.