आल्टोची ओळ

(अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या मराठी मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषण, थोडे संपादित)

नमस्कार मंडळी, तिळगूळ घ्या.

आज माझी लेक इथे नाही. हायस्कूलच्या शो क्वायरची पहिली स्पर्धा तोंडावर आलीये आणि जानेवारी ते मार्च आमच्या घरात दुसरा विषय नसतो. त्याबद्दलच बोलते.

ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चाळीस-पन्नास मुलं, उभं राहायला पायऱ्यापायऱ्यांचे रायझर्स, जोडीला बँड, आणि वीसेक मिनिटांत पाच-सहा गाणी, नाचत, सलग. सुरुवात दणक्यात. मध्ये एक संथ बॅलड, तेव्हा सगळे जवळजवळ स्थिर उभे राहून फक्त गातात. मग कपडे बदलून पुन्हा धमाल. कपडे बदलायला एक मिनिटही मिळत नाही, म्हणून पडद्याआड काळ्या कपड्यांतली क्रूची मुलं हुक लावायला उभी असतात. त्यांना टाळ्या मिळत नाहीत, पण त्यांच्यावाचून प्रयोग उभा राहत नाही.

आपल्या इंडियानात हे फार मनापासून करतात. ब्लूमिंग्टनच्या विद्यापीठातले 'सिंगिंग हूजियर्स' १९५० पासून गातायत. १९६२ मध्ये मिल्टन अँडरसन यांनी कॅलिफोर्नियात 'यंग अमेरिकन्स' सुरू केलं, आणि गाणाऱ्या मुलांनी नाचायचंही, ही कल्पना देशभर पसरली. फोर्ट वेनच्या बिशप लूअर्स हायस्कूलमध्ये १९७० च्या दशकापासून स्पर्धा भरायला लागल्या. २००९ मध्ये 'ग्ली' ही मालिका आली आणि आपल्यापैकी पुष्कळांना हा प्रकार तिच्यामुळे कळला. पण मालिकेत एकेकटे गाणारे लक्षात राहतात. माझ्या लेकीचं गाणं एकटं ऐकलं, तर ते गाणं आहे हेच कळणार नाही.

त्याचीच गोष्ट सांगायचीये. पहिल्या वर्षी तिला आल्टोत, म्हणजे मुलींच्या खालच्या स्वरांच्या गटात, घेतलं. ती स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता सराव करायची. मी शास्त्रीय गाणं मध्यमा पूर्णच्या परीक्षेपर्यंत शिकलेली, माझ्या कानाला खटकायला लागलं. गाणं ओळखीचं, पण ही दोन-तीन स्वरांतच फिरतेय. मी म्हटलं, "अगं, इथे वर जायचंय, पंचमावर."

"आई, वर सोप्रानो जातात. आम्ही खालीच थांबतो."

"पण मग चाल कुठे राहिली?"

तीन दिवस मी तिला दुरुस्त करत राहिले. चौथ्या दिवशी ती गॅरेजमध्ये, गाडीत बसून, काच वर करून गायला लागली. त्या बंद काचेकडे बघून मला काय वाटलं, ते अजून विसरले नाही.

मग पहिला कार्यक्रम. बॅलड सुरू झालं, तीच जागा आली. सोप्रानो पंचमावर गेल्या, मुलग्यांनी खाली षड्ज धरला, आणि मध्ये आल्टोंचा गंधार उभा राहिला. माझ्या गुरुजींनी तानपुरा लावताना कितीदा सांगितलं होतं: खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून गंधार आपोआप ऐकू येतो, स्वयंभू गंधार. कोणी छेडत नाही, पण तो असतो. स्वयंपाकघरात मी ज्याला चूक म्हणत होते, तो स्वर हाच. कार्यक्रम संपल्यावर मी तिची माफी मागितली.

शेजारची मुलगी जीव तोडून वेगळा स्वर गातेय, पाय तिसऱ्याच तालात पडतायत, आणि तरी आपला स्वर ढळू द्यायचा नाही. मी इतकी वर्षं गाणं शिकले, पण हे मला कधी करावं लागलं नाही. ऑगस्टच्या कॅम्पमध्ये नृत्यदिग्दर्शक येऊन काही दिवसांत सगळा नाच बसवून जातात. पुढचे महिने तोच घटवायचा, आणि धाप लागली तरी सूर टिकला पाहिजे. कधीकधी पळता पळता गायला लावतात. पहिल्या वर्षी लेक घरी येऊन जेवता जेवता झोपायची.

आपल्यातले पालक मला विचारतात, एवढा वेळ कशाला घालवायचा? कॉलेजप्रवेशाची एसएटी आहे, भरतनाट्यम आहे. वेळ जातो, हे खरं आहे. पोशाख, कॅम्प, प्रवास, खर्चही बराच होतो. आमच्या शाळेत पालकांचा बूस्टर क्लब त्यासाठी निधी उभा करतो, तेव्हा पैशांपायी कोणी मागे राहू नका, आधी विचारा. पण आपली मुलं बहुतेक सगळं एकेकटी करतात: परीक्षा, पियानो, स्पेलिंग बी. पहिलं यायचं असेल तर ते एकट्यानेच. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यात एक तरी जागा अशी हवी, जिथे आपण कमी पडलो तर शेजारच्याचा स्वरही उघडा पडतो.

आता कामाचं. पुढच्या वर्षासाठीच्या ऑडिशन वसंतात होतील. आधी गाणं शिकलेलं असलंच पाहिजे असं नाही, मुलगे तर क्वायरला नेहमीच कमी पडतात. आणि त्याआधी एकदा स्पर्धा बघायला चला. सकाळी प्राथमिक फेरी, रात्री अंतिम, दिवसभराचा डबा बरोबर घ्यायचा. माझ्या गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. जेवणाच्या वेळी मी चहाच्या टेबलापाशी आहे, तिथे नाव सांगा.