होडीतून पाहिलेला मुलूख : न्यूफाउंडलंड आणि लॅब्रॅडॉरची गावनावं

मंडळी, सुरुवात घड्याळापासून करू. भारताचं घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, कॅनडाच्या पूर्व टोकाला असलेल्या न्यूफाउंडलंडचं साडेतीन तास मागे. अर्ध्या तासाचं घड्याळ पाळणारे जगात फार थोडे आहेत, त्यांत आपण आणि ते. दोघांचे अर्धे तास एकमेकांना मिळतात आणि हिवाळ्यात मुंबई आणि तिथली राजधानी सेंट जॉन्स यांच्यात बरोबर नऊ तासांचं अंतर पडतं. उन्हाळ्यात ते घड्याळ तासभर पुढे सरकवतात, मग आठ. कॅनडाच्या रेडिओवर कार्यक्रमाची वेळ सांगताना 'न्यूफाउंडलंडमध्ये अर्धा तास उशिरा' हे शेपूट लावावंच लागतं आणि बाकीचा देश त्यावर विनोद करतो. या हट्टामागे कारण आहे. 1949 च्या मार्चअखेरपर्यंत न्यूफाउंडलंड कॅनडात नव्हतंच. ब्रिटिश साम्राज्याखालचा तो वेगळा मुलूख होता. 1948 मध्ये दोनदा सार्वमत घ्यावं लागलं, दुसऱ्या खेपेला जेमतेम 52 टक्के लोक कॅनडाच्या बाजूने पडले, तेव्हा कुठे हा दहावा प्रांत झाला. तिथली जुनी माणसं अजून विचारतात, कोण कोणात सामील झालं?

प्रांताचं क्षेत्रफळ 4,05,212 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सव्वापटीहून जास्त. लोकसंख्या 2021 च्या जनगणनेत 5,10,550. प्रांताचे दोन भाग. एक न्यूफाउंडलंड हे बेट आणि दुसरा मुख्य भूमीवरचा लॅब्रॅडॉर. क्षेत्रफळात लॅब्रॅडॉर बेटाच्या अडीचपटीहून मोठा, माणसं मात्र जवळजवळ सगळी बेटावर, आणि बेटावरही किनाऱ्याला चिकटून. आतल्या भागात खडक, दलदल, तळी आणि खुरटं जंगल. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवलं तर आज मला जे सांगायचं आहे ते सोपं होईल. या मुलखाची नावं जमिनीवर चालणाऱ्यांनी दिलेली नाहीत. ती होडीतून पाहणाऱ्यांनी दिली. जे जमिनीवर चालत होते, त्यांची नावं नकाशावरून जवळजवळ पुसली गेली. ती कहाणी पुढे येईल.

आधी होडीवाले. ते का आले? कॉड मासा. बेटाच्या आग्नेयेला ग्रँड बँक्स नावाचे उथळ समुद्रातले विस्तीर्ण पट्टे आहेत. उत्तरेकडून लॅब्रॅडॉरचा थंड प्रवाह येतो, दक्षिणेकडून गल्फ स्ट्रीमचं उबदार पाणी. दोन्ही इथे भेटतात, म्हणून मासा अमाप आणि धुकंही अमाप. सोळाव्या शतकात पोर्तुगीज, स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरचे बास्क, फ्रेंच आणि इंग्लंडच्या पश्चिम भागातले कोळी, सगळे उन्हाळ्यापुरते येत, कॉड खारवून वाळवत आणि परत जात. प्रत्येकाने आपापल्या भाषेत खुणा ठेवल्या. पुढच्याने त्या ऐकल्या आणि आपल्या जिभेला जमेल तशा उच्चारल्या. लिहून ठेवायला तिथे कोण बसलं होतं!

पोर्तुगीजांचं उदाहरण घ्या. खारवलेल्या कॉडला ते बाकाल्याव म्हणतात. गोव्यातल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांना हा शब्द नवा नाही. न्यूफाउंडलंडच्या पूर्वेला बॅकलू नावाचं बेट आहे, स्पेलिंग वाचून हा उच्चार कुणाला सुचणार नाही, आणि त्या नावाच्या पोटात हाच मासा आहे. फोगो बेट म्हणजे पोर्तुगीज 'आग'. केप रेस हे 'रासो'पासून आलं, म्हणजे सपाट, बुटकं टोक. 1912 साली बुडत्या टायटॅनिकचे संदेश ज्या बिनतारी केंद्राने पकडले, ते केंद्र याच टोकावर होतं.

आता केप स्पिअर बघा. ग्रीनलंड सोडलं तर उत्तर अमेरिकेचं हे सर्वांत पूर्वेकडचं टोक. पोर्तुगीजांनी त्याला आशेचं टोक म्हटलं, फ्रेंचांनी त्याचं 'काप देस्प्वार' केलं आणि इंग्रजांच्या कानाला त्यात भाला ऐकू आला, अशी याची परंपरागत उपपत्ती आहे. दक्षिण किनाऱ्यावर एका लांबलचक फियोर्डला, म्हणजे कड्यांमध्ये घुसलेल्या खाडीला, फ्रेंचांनी हेच आशेचं नाव दिलं, बे देस्प्वार. लिहितात आजही तसंच, पण गावातले लोक म्हणतात 'बे डिस्पेअर', निराशेचा उपसागर! एकाच आशेचा एकीकडे भाला झाला, दुसरीकडे निराशा. ट्विलिंगेट हे टुलिंगे या फ्रेंच नावाचं इंग्रजी रूप. पोर्ट ओ श्वा ऐकायला फ्रेंच वाटतं, पण मुळात ते बास्क आहे, छोटं बंदर या अर्थाचं. आणि राँकाँत्र नावाच्या गावाला तिथे 'राउंड-काउंटर' म्हणतात. फ्रेंच शिकवणाऱ्यांनी कृपया तिकडे जाऊ नये.

याहून जुना थर उत्तर टोकाला आहे, लान्स ओ मेडोज. 1960 मध्ये हेल्ग इंग्स्टाड हे नॉर्वेजियन संशोधक व्हायकिंगांच्या खुणा शोधत तिथे पोहोचले. जॉर्ज डेकर या गावकऱ्याने त्यांना गवताखालचे उंचवटे दाखवले. हेल्ग आणि त्यांच्या पुरातत्त्वज्ञ पत्नी आन स्टिने यांनी उत्खनन केलं आणि कोलंबसच्या सुमारे पाचशे वर्षं आधी युरोपीय माणसं अमेरिकेत राहून गेल्याचं सिद्ध झालं. तिथे धातूच्या अवजाराने तोडलेलं लाकूड 1021 सालचं आहे, हे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ठरवलं. पण व्हायकिंगांनी त्या जागेला काय म्हटलं ते गावाच्या नावात उरलेलं नाही. आजचं नाव अर्धं फ्रेंच, अर्धं इंग्रजी आणि त्यातली 'मेडोज', म्हणजे 'कुरणं', ही इंग्रजांच्या कानाची करामत असावी, असंच बहुतेक अभ्यासक मानतात.

होडीतून पाहणाऱ्याला जमिनीचं काय दिसतं? वळणं, अडसर, आसरा. म्हणून तिथली शब्दसंपदा बघा. 'आर्म' म्हणजे जमिनीत घुसलेला खाडीचा लांब हात, 'गट' म्हणजे अरुंद पाणवाट, 'टिकल' म्हणजे जिच्यातून होडी काढताना घाम फुटतो अशी दोन किनाऱ्यांमधली चिंचोळी सामुद्रधुनी. लीडिंग टिकल्स, ब्लॅक टिकल अशी गावं आहेत. इंग्रजीत टिकल म्हणजे गुदगुल्या, म्हणून पर्यटक पाटीशेजारी उभे राहून फोटो काढतात. नावाड्याला त्यात गंमत काही वाटत नसे.

या सगळ्यांत मला सर्वांत प्रामाणिक वाटतं ते नाव म्हणजे मिस्टेकन पॉइंट, 'फसवं टोक' म्हणा. पश्चिमेकडून येणारी जहाजं केप रेसला वळसा घालत. धुक्यात कप्तानाला हेच टोक केप रेस वाटे, तो उत्तरेकडे सुकाणू फिरवी आणि जहाज थेट खडकावर. कितीतरी जहाजं गेली, आणि पुढच्यांसाठी इशारा म्हणून नाव राहिलं. याच खडकांवर 1967 मध्ये शिव बालक मिश्र हा उत्तर प्रदेशातला विद्यार्थी भूगर्भाचा नकाशा काढत होता. सेंट जॉन्सच्या मेमोरियल विद्यापीठात तो शिकत होता. त्याला दगडाच्या सपाट थरांवर पानांसारखे, पिसांसारखे ठसे दिसले. ते सुमारे साडेछप्पन्न कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळावरच्या जीवांचे होते, म्हणजे शिंपले, काटे, डोळे असलेले प्राणी येण्याच्याही आधीचे. त्यांतल्या एका जीवाला पुढे फ्रॅक्टोफ्युसस मिस्राई असं नाव मिळालं. 2016 पासून हे ठिकाण युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. तिथे आजही वाटाड्याबरोबरच जावं लागतं आणि ठशांवर पाय पडू नये म्हणून बूट काढायला लावतात.

किनाऱ्याची पद्धतशीर मोजणी झाली ती 1763 ते 1767 या काळात. मोजणारा माणूस होता जेम्स कुक, पॅसिफिकच्या सफरींनी जगप्रसिद्ध होण्यापूर्वीचा कुक. त्याचे नकाशे इतके नेमके होते की पुढची शंभरएक वर्षं जहाजं त्यांच्यावर विसंबली. पण कुकही मोजत होता किनाराच. बेटाचा आतला भाग कोराच राहिला. 1898 मध्ये बेट ओलांडणारी पहिली रेल्वे धावली. रुळांच्या दोन्ही बाजूंना मधल्या पठारावर चार एकाकी टेकड्या होत्या, आणि त्यांची नावं काय? गॅफ टॉपसेल, मेन टॉपसेल, मिझन टॉपसेल, फोर टॉपसेल. समुद्र डोळ्यांआड, आणि टेकड्यांना नावं मात्र गलबताच्या शिडांची! रेल्वे 1988 मध्ये बंद झाली. नावं आहेत.

आता या कोऱ्या भागात राहणाऱ्यांकडे वळू. बेओथुक हे बेटाचे मूळ रहिवासी. उन्हाळ्यात किनाऱ्यावर, हिवाळ्यात आत नदीकाठी, असं त्यांचं वर्ष. किनारा कोळ्यांनी व्यापला तसे ते आत ढकलले गेले. उपासमार, क्षय, आणि कोळ्यांशी होणाऱ्या चकमकी यांत ते संपत गेले. 1819 च्या मार्चमध्ये डेमास्ड्युइट या स्त्रीला गोठलेल्या तळ्यावर पकडलं. तिचा नवरा तिला सोडवायला आला, त्याला तिथेच मारलं. तिला नाव दिलं मेरी मार्च, कारण मार्चमध्ये सापडली. 1823 मध्ये शानाडिथिट ही तरुणी हाती लागली, ती नॅन्सी एप्रिल. माणसाला कॅलेंडरच्या पानावरून नाव देणारे लोक डोंगराला शिडाचं नाव देतात, याचं मग नवल वाटत नाही.

हीच शानाडिथिट आयुष्याच्या शेवटी सेंट जॉन्समध्ये विल्यम कॉरमॅक या संशोधक प्रवाशाकडे होती. तिने कागदावर नकाशे काढले. तळं, नदी, छावण्या, कोण कुठून आलं, कोण कुठे मेलं, सगळं. आपली माणसं तिने लाल दाखवली, इंग्रज काळे. या बेटाचा आतून काढलेला, चालणाऱ्या माणसाचा नकाशा तो हा. 1829 मध्ये ती क्षयाने गेली आणि ज्ञात असलेले बेओथुक तिथे संपले. त्या तळ्याचं नाव मात्र दोनशे वर्षं 'रेड इंडियन लेक' राहिलं, कारण बेओथुक अंगाला गेरू लावत. काही वर्षांपूर्वी सरकारने ते बदलायचं ठरवलं तेव्हा तळ्याकाठच्या गावांनी आम्हाला विचारलं नाही म्हणून तक्रार केली. अखेर ते बेओथुक लेक झालं. विचारायला हवं होतं हे खरं, पण मूळ मालकांनाही नाव देताना कुणी विचारलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

लॅब्रॅडॉरबद्दल थोडक्यात सांगतो. त्याचं नाव पोर्तुगालच्या अझोर्स बेटांतल्या झुआंव फर्नांडिश या जमीनदारावरून आलं. लाव्राडोर म्हणजे शेती करणारा. आधी हे नाव ग्रीनलंडला होतं, नकाशे काढणाऱ्यांच्या हातून ते सरकत इथे आलं. शेतकऱ्याचं नाव अशा प्रदेशाला, जिथे बटाटासुद्धा नशिबाने येतो. उत्तर किनाऱ्यावर नेन, हेब्रॉन अशी बायबलमधली नावं आहेत, ती मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनऱ्यांची. 1959 मध्ये हेब्रॉनच्या इन्युइटांना सरकारने उठवलं आणि गाव रिकामं झालं. 2005 मध्ये त्याबद्दल सरकारने माफी मागितली. इनू लोक (हे इन्युइटांहून वेगळे) ज्या नदीला मिश्ता-शिपू म्हणजे मोठी नदी म्हणत, ती आधी हॅमिल्टन झाली आणि 1965 मध्ये चर्चिल. नाव विन्स्टन चर्चिल यांचं.

नावं बदलण्याची हौस बेटावरही होती. 1904 मध्ये टपालाचा घोळ कमी करायला एक नामकरण मंडळ नेमलं, कारण एकाच नावाची डझनभर गावं होती. टपालाबरोबर शिष्टाचारही सुधारावा असं मंडळींना वाटलं असणार. सिली कोव्हचं विंटरटन झालं. फॅमिश गट, म्हणजे उपासमारीची पाणवाट, तिचं फेअरहेवन झालं. बायको फसवते अशा नवऱ्यावरून नाव पडलेलं गाव होतं, तेही सभ्य झालं. माझं मत विचाराल तर फॅमिश गट राहू द्यायला हवं होतं. त्या दोन शब्दांत एका हिवाळ्याचा इतिहास होता. फोगोवरच्या जो बॅट्स आर्म या गावाचं क्वीन्सटाऊन करून पाहिलं, पण गावाने जुनंच परत घेतलं. ट्रिनिटी बेमधल्या एका गावाचं नाव मी या व्यासपीठावरून घेणार नाही. ते बदलायच्या सूचना आल्या तेव्हा गावकऱ्यांनी साफ नाही म्हटलं, आणि आता त्याच नावावर टी-शर्ट विकतात. त्याच उपसागरात हार्ट्स कंटेंट आहे. 1866 मध्ये ग्रेट ईस्टर्न जहाजाने अटलांटिकपार पहिली टिकाऊ तारायंत्राची केबल तिथे आणून टाकली.

शेवटची गोष्ट गावांची, जी राहिली नाहीत. 1954 ते 1975 या काळात सरकारने विखुरलेली सुमारे 300 गावं उठवली, तीसएक हजार माणसं हलवली. शाळा, दवाखाना, वीज एवढ्या बेटांवर पुरवणं परवडत नव्हतं. काहींनी घरं पाण्यात उतरवली, पिंपं बांधून तरंगत ठेवली आणि होड्यांनी ओढत नव्या गावी नेली. 1992 च्या जुलैमध्ये कॉडच्या मासेमारीवर बंदी आली, कारण पाचशे वर्षं उपसलेला मासा संपत आला होता. सुमारे तीस हजार लोकांचा रोजगार एका फटक्यात गेला. त्यानंतर गावं आपणहून अर्ज करू लागली. लिटल बे आयलंड्सने असा अर्ज केला. नियमाप्रमाणे 90 टक्के मतं हवी होती, मिळाली 89.47. काही वर्षांनी पुन्हा मतदान झालं, या खेपेला एकमताने. 31 डिसेंबर 2019 ला तिथली वीज आणि फेरी बंद झाली. घरांची मालकी मात्र लोकांकडेच आहे, त्यामुळे उन्हाळ्यात काही कुटुंबं होडीने परत येतात, छपरावर सौर पाट्या लावून राहतात, आणि समुद्राच्या नकाशावर गावाचं नाव जसंच्या तसं आहे, कारण त्या बाजूने जाणाऱ्या होडीला ते लागतं.