उलटलेला नकाशा : मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे मृत्युदर आणि प्रदेश

विषयाला हात घालण्यापूर्वी एक छोटा हिशेब करू. समजा, अमेरिकेतल्या एखाद्या काउंटीची, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाची, लोकसंख्या 8,000 आहे. त्या काउंटीत एका वर्षी मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगाने एक मृत्यू झाला, तर मृत्युदर लाखामागे 12.5 येतो. हा आकडा 2020 सालच्या राष्ट्रीय दराच्या, म्हणजे 12.6 च्या, जवळपास बरोबरीचा आहे. पुढच्या वर्षी दोन मृत्यू झाले की तोच दर 25 होतो आणि नकाशावर ही काउंटी गडद लाल दिसू लागते. त्याच्या पुढच्या वर्षी एकही मृत्यू झाला नाही, तर ती पांढरीशुभ्र. तिथल्या आजारात, आहारात किंवा डॉक्टरांच्या संख्येत तीन वर्षांत काहीही बदल झालेला नसतो. वर्तमानपत्रांतून आणि समाजमाध्यमांवरून फिरणारे कर्करोगाचे रंगीत नकाशे पाहताना हा हिशेब मनात ठेवावा, अशी माझी विनंती आहे, कारण सर्वांत भडक आणि सर्वांत फिके असे दोन्ही रंग बहुतेक वेळा अशा विरळ वस्तीच्या भागांतच सापडतात.

म्हणून अभ्यासक काही वर्षांचे मृत्यू एकत्र घेतात, शेजारच्या काउंट्यांच्या आकड्यांचा आधार घेऊन दर स्थिर करतात आणि लोकसंख्येतील वयाचे प्रमाण एका ठरावीक मापाला आणून मगच तुलना करतात. वयाची ही दुरुस्ती अत्यावश्यक असते. हा मुख्यतः उतारवयाचा आजार असल्यामुळे ज्या प्रदेशात निवृत्त लोक जास्त, तिथे मृत्यू जास्त असणारच. त्यावरून त्या प्रदेशाबद्दल काही निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

दुसरी गोष्ट म्हणजे नव्या रुग्णांचा दर आणि मृत्युदर यांतला फरक. जगाचा विचार केला, तर 2022 साली या आजाराचे 19 लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे 9 लाख मृत्यू झाले. मृत्यूंच्या संख्येत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या खालोखाल याचाच क्रमांक लागतो. नव्या रुग्णांचे दर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, युरोप आणि उत्तर अमेरिका येथे सर्वाधिक आहेत. मृत्युदराच्या बाबतीत मात्र पूर्व युरोप पुढे जातो, आणि हंगेरी, स्लोव्हाकिया ही नावे या यादीत वर्षानुवर्षे वरच्या जागी दिसतात. नॉर्वे किंवा डेन्मार्कमध्ये आजार होण्याचे प्रमाण मोठे असूनही त्या मानाने मृत्यू कमी होतात. आफ्रिकेतील अनेक देशांत याच्या उलट चित्र आहे. तिथे आजार तुलनेने कमी जणांना होतो, पण ज्यांना होतो त्यांच्यापैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण फार मोठे असते. याचाच अर्थ असा की मृत्युदर हा दोन प्रश्नांच्या उत्तरांचा गुणाकार असतो. आजार किती जणांना होतो हा पहिला प्रश्न, आणि झाल्यानंतर त्यांच्यापर्यंत काय पोहोचते हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचा अभ्यास जुना आहे. युगांडात अनेक वर्षे काम केलेले शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी 1971 साली मांडले, की आफ्रिकेच्या ग्रामीण भागात हा कर्करोग दुर्मीळ आहे तो आहारातल्या भरपूर तंतुमय पदार्थांमुळे. त्यांच्या मांडणीतल्या सगळ्याच गोष्टी पुढे जशाच्या तशा टिकल्या नाहीत, पण प्रदेशांतला फरक रक्तातला नसून राहणीमानातला आहे, ही दिशा बरोबर ठरली. त्याचा सर्वांत ठोस पुरावा स्थलांतरितांच्या अभ्यासातून मिळाला. जपानमधून हवाईत आणि अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेलेल्या कुटुंबांमध्ये या आजाराचे प्रमाण एकदोन पिढ्यांतच नव्या देशाच्या पातळीला पोहोचले. पुढे खुद्द जपानमध्येही आहार आणि राहणी बदलत गेल्यावर तेच घडले. लठ्ठपणा, बैठे काम, मद्यपान, धूम्रपान आणि प्रक्रिया केलेले मांस ही आज सर्वमान्य झालेली कारणे आहेत. ती सर्वांच्या परिचयाची असल्यामुळे मी त्यांवर अधिक वेळ घालवत नाही.

मला सांगायचे आहे ते मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाबद्दल, आणि त्यासाठी अमेरिकेइतके बोलके उदाहरण नाही. तिथे लाखामागे मृत्युदर 1970 साली 29.2 होता. तो 2020 साली 12.6 वर आला, म्हणजे पन्नास वर्षांत निम्म्याहून अधिक घट झाली. या सरासरीवर समाधान मानणाऱ्याला खाली काय उलथापालथ झाली ते दिसत नाही. नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने 1975 साली काउंटीवार मृत्यूंचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात 1950 ते 1969 या काळातील मृत्यू होते. त्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा गडद पट्टा ईशान्येकडच्या शहरी, औद्योगिक आणि तुलनेने सधन राज्यांवर होता, तर दक्षिणेकडचा ग्रामीण, गरीब भाग फिका होता. पुढे 2015 साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या संशोधकांनी 1970 ते 2011 या काळातील काउंटीवार मृत्यूंचे विश्लेषण केले, तेव्हा दाट मृत्युदराचे तीन पुंजके आढळले. मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यातील 94 काउंट्या, ॲपलाचिया या पूर्वेकडच्या डोंगराळ प्रदेशाच्या पश्चिम-मध्य भागातील 107 काउंट्या आणि पूर्व व्हर्जिनिया व नॉर्थ कॅरोलिना येथील 37 काउंट्या. मिसिसिपीच्या खोऱ्यातील दर 2009 ते 2011 या काळात उर्वरित देशापेक्षा 40 टक्क्यांनी जास्त होता. याच भागाचा दर 1970 ते 1972 या काळात उर्वरित देशापेक्षा 18 टक्क्यांनी कमी होता.

या दोन आकड्यांवर मी थोडा थांबतो. तिथली माती बदलली नाही, पाणी बदलले नाही, आणि लोकसंख्येची आनुवंशिक घडण चाळीस वर्षांत बदलत नसते. हे खोरे एकदम बिघडले असेही नाही. इतरांचा दर झपाट्याने खाली गेला आणि हे खोरे जवळपास जागच्या जागी राहिले. एखाद्या प्रदेशाचा मृत्युदर धोकादायक ठरतो तो अनेकदा असा, शेजारी पुढे निघून गेल्यामुळे.

शेजारी पुढे गेले ते कशामुळे, याचा अंदाज संगणकीय प्रतिमानांच्या आधारे मांडला गेला आहे. अमेरिकेत 1975 ते 2000 या काळात या आजाराच्या मृत्युदरात 26 टक्के घट झाली. तिच्यातला सुमारे 53 टक्के वाटा स्क्रीनिंगचा, म्हणजे लक्षणे नसतानाच केलेल्या तपासणीचा, 35 टक्के धोक्याच्या घटकांतील बदलांचा आणि 12 टक्के उपचारांतील सुधारणेचा, असे 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. यातला पहिला वाटा एवढा मोठा असण्याचे कारण या आजाराच्या स्वभावात आहे. साध्या पॉलिपचे, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेल्या लहान गाठीचे, कर्करोगात रूपांतर होण्यास साधारण दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि त्या अवधीत पॉलिप सापडला तर तो काढून टाकता येतो. आजार जागच्या जागी असताना सापडला तर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 90 टक्के असते. तो यकृतापर्यंत किंवा फुप्फुसापर्यंत पोहोचल्यावर तेच प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपास येते.

आता तारखा पाहू. दरवर्षी मलातील अदृश्य रक्त तपासल्यास या आजाराचे मृत्यू 33 टक्क्यांनी कमी होतात, हे मिनेसोटातील चाचणीने 1993 साली दाखवले. मेडिकेअर या सरकारी विम्यात ही तपासणी 1998 साली आली आणि सामान्य धोक्याच्या व्यक्तींसाठी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने केलेली आतड्याची तपासणी, 2001 साली. पण मेडिकेअर वयाच्या 65 व्या वर्षी मिळते आणि तपासणी तेव्हा 50 व्या वर्षापासून करावी असा सल्ला होता. मधली पंधरा वर्षे ज्याच्याकडे नोकरीतून मिळालेला विमा होता त्याची तपासणी झाली, आणि ज्याच्याकडे नव्हता त्याची बहुधा झाली नाही. शेतमजुरी, खाणकाम, हंगामी काम यांवर जगणाऱ्या प्रदेशांत असा विमा कमी आणि आतड्याच्या विकारांचे तज्ज्ञ त्याहून कमी. नवा उपाय आला की तो आधी शिकलेल्या, विमाधारक, शहरी माणसापर्यंत जातो, आणि म्हणूनच एके काळी सधनांचा समजला जाणारा हा आजार 1990 च्या सुमारास मृत्यूंच्या हिशेबात गरिबांचा झाला. कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय यांच्यातील तफावतही याच वळणाने गेली. 1970 च्या दशकात कृष्णवर्णीयांचा दर गौरवर्णीयांपेक्षा जास्त नव्हता. तो नंतर जास्त झाला, आणि अंतर वाढत गेले.

तपासणी पोहोचणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे थोडे जवळून पाहू. मलातील अदृश्य रक्त शोधणाऱ्या फिट या चाचणीत घरी एक लहान नळी येते. तिच्या झाकणाला खाचा असलेली काडी असते. ती काडी मलात टोचून परत नळीतल्या द्रवात बुडवायची, झाकण घट्ट बसवायचे, तारीख लिहायची आणि पाकीट टपालात टाकायचे. यात सुई नाही, भूल नाही, पथ्य नाही. पण नमुन्यात रक्त आढळले तर पुढे कोलोनोस्कोपी करावी लागते, आणि तिथे आदल्या दिवशी रेचक घेऊन पोट साफ करणे, कामावर सुट्टी, गुंगीच्या औषधामुळे सोबत माणूस, शंभर किलोमीटरवरचे रुग्णालय असे सगळे लागते. साखळी तुटते ती इथे. इटलीतील व्हेनेटो प्रांतात रक्त आढळूनही कोलोनोस्कोपी न केलेल्या लोकांचा पाठपुरावा केला गेला. त्यांच्यात या कर्करोगाने मरण्याचा धोका कोलोनोस्कोपी केलेल्यांच्या तुलनेत सुमारे दुप्पट आढळला. पाकिटे किती वाटली एवढेच मोजणारा कार्यक्रम या दुप्पट धोक्याबद्दल काहीच सांगत नाही.

साखळी पूर्ण केली तर काय होते, याचे उदाहरण डेलावेअर या लहानशा राज्याने घालून दिले. तिथे 2002 नंतरच्या काही वर्षांत स्क्रीनिंगचा खर्च, रुग्णाला हाताला धरून तपासणीपर्यंत नेणाऱ्या परिचारिका, आणि कर्करोग निघाला तर विमा नसलेल्याच्या उपचारांचा खर्च, या तिन्ही गोष्टी राज्याने एकत्र उचलल्या. कृष्णवर्णीयांमध्ये तपासणी झालेल्यांचे प्रमाण 48 वरून 74 टक्क्यांवर गेले आणि गौरवर्णीयांच्या बरोबरीला आले. 2009 पर्यंत कृष्णवर्णीयांचा मृत्युदर 42 टक्क्यांनी घटला आणि दोन समाजांतील अंतर जवळजवळ मिटले. माझ्या मते या तिन्हींतला तिसरा भाग निर्णायक होता. उपचारांची हमी नसेल तर तपासणीला माणूस का येईल?

मात्र सगळे श्रेय तपासणीला देऊन मोकळे होणेही बरोबर नाही. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमध्ये झालेल्या नॉर्डिक चाचणीचे निष्कर्ष 2022 साली आले. कोलोनोस्कोपीचे निमंत्रण मिळालेल्या गटात दहा वर्षांत हा कर्करोग होण्याचे प्रमाण 18 टक्क्यांनी घटले, पण मृत्यूंमध्ये ठोस फरक दिसला नाही. त्यावरून बराच गदारोळ झाला. निमंत्रितांपैकी 42 टक्केच तपासणीला आले होते आणि दहा वर्षांचा काळ या आजाराला थोडा आहे, हे खरे. तरीही निमंत्रण आणि तपासणी यांतले अंतर जिथे मोठे आहे, तिथे कोणतीही योजना कागदावरच्या अपेक्षेपेक्षा कमी फळ देणार, हे त्या चाचणीने आकड्यांत दाखवले. शिवाय अलास्कातील मूळ रहिवाशांसारखे समाज आहेत, ज्यांच्यात आजाराचाच दर जगातल्या सर्वोच्च दरांपैकी एक आहे. तिथे प्रश्न केवळ सेवेचा राहत नाही, कारणांचाही शोध घ्यावा लागतो.

राहिला प्रश्न तरुणांचा, आणि इथे सरासरीचा नकाशा सरळसरळ फसवतो. अमेरिकेत एकूण मृत्युदर घटत असताना 50 वर्षांखालील लोकांतील मृत्युदर 2000 च्या दशकाच्या मध्यापासून वर्षाला सुमारे एक टक्क्याने वाढत आहे. एकूण नव्या रुग्णांत 55 वर्षांखालील लोकांचा वाटा 1995 साली 11 टक्के होता, तो 2019 साली 20 टक्क्यांवर गेला. 1990 च्या सुमारास जन्मलेल्यांना, 1950 च्या सुमारास जन्मलेल्यांच्या तुलनेत, त्याच वयात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका दुप्पट आणि गुदाशयाच्या कर्करोगाचा चौपट आहे. वृद्धांतील घट संख्येने एवढी मोठी आहे, की ही वाढ एकत्रित आकड्यात दिसतही नाही. अमेरिकेतील अधिकृत तज्ज्ञगटाने 2021 साली तपासणीचे वय 50 वरून 45 केले. या बदलाचा परिणाम मृत्यूंच्या आकड्यांत उतरायला या आजाराच्या संथ गतीमुळे दहाएक वर्षे जातील, आणि तोवर 45 ते 49 या वयोगटाचा काउंटीवार नकाशा वेगळा काढून पाहावा लागेल. मिसिसिपीच्या खोऱ्यात आणि ॲपलाचियात नवे वय लागू होऊन प्रत्यक्ष किती जणांची कोलोनोस्कोपी झाली, हे त्या नकाशाशेजारी ठेवल्याशिवाय 1970 नंतर जे घडले तेच पुन्हा घडत आहे की नाही, ते कळणार नाही.