पंधरा मिनिटं थांबायचं

नमस्कार श्रोतेहो.

मी लॅब टेक्निशियन आहे. परळच्या एका दवाखान्यात बावीस वर्षं रक्ताच्या काचपट्ट्या तपासते आहे. जून लागला की आमच्या टेबलावर मलेरियाच्या काचपट्ट्यांची रीघ लागते. रक्ताचा जाड थर, पातळ थर, परजीवी दिसावेत म्हणून जेएसबी नावाचा रंग, आणि मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेक क्षेत्र पाहत शंभरापर्यंत जायचं. सकाळी बोट टोचलं की संध्याकाळी रिपोर्ट. मुंबईत याचं कुणाला अप्रूप नाही. मलाही नव्हतं, भामरागडला जाईपर्यंत. तिथे मी पंधरा मिनिटांत मलेरिया सांगणारी चाचणीची पट्टी कामाला लागलेली पाहिली.

भामरागड हा गडचिरोली जिल्ह्याच्या अगदी टोकाचा तालुका. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या तिथे एकत्र येतात, आणि पलीकडे लगेच छत्तीसगड. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद होतो. महाराष्ट्रात हिवतापाचा, म्हणजे मलेरियाचा, फार मोठा भार हा जिल्हा वाहतो. मलेरियाच्या परजीवीचे दोन मुख्य प्रकार: आपल्याकडे मुंबईत जास्त करून व्हायवॅक्स सापडतो, तिकडे जोर फाल्सिपेरमचा. आणि फाल्सिपेरम वाट पाहत नाही. उपचार मिळाला नाही तर लक्षणं दिसल्यापासून २४ तासांतही माणूस गंभीर होऊ शकतो. 'ताप मेंदूत गेला' असं आपण म्हणतो ना, तो हाच.

आता विचार करा. अशा पाड्यावर आशाताई काचपट्टी घेणार, ती नाला ओलांडून प्राथमिक आरोग्य केंद्रात जाणार, तिथला टेक्निशियन रंगवून पाहणार, आणि निकाल परत पाड्यावर येणार. यात दिवस जायचे, पावसाळ्यात कधी आठवडासुद्धा. मग करायचं काय? कित्येक वर्षं ताप दिसला की क्लोरोक्विन द्या, असाच रिवाज होता. तो फाल्सिपेरम असेल तर त्या गोळ्या पुरायच्या नाहीत, आणि मलेरिया नसेलच तर ताप कशाचा ते कळायचंच नाही.

मी गेले होते ऑगस्टमध्ये, भाताच्या रोवणीच्या दिवसांत. माणसं सगळी बांधीत. आशाताईंबरोबर डोंग्यातून नाला ओलांडला, मग तासभर चिखल तुडवला. एका घराच्या पडवीत खाटेवर सहा वर्षांची मुलगी पडली होती. शेजारी आजी. आजी माडियात बोलत होती, आशाताई मला मराठीत सांगत होत्या: काल दुपारी थंडी वाजून ताप आला, रात्री दोनदा उलटी.

आशाताईंनी पिशवीतून चाचणीचं किट काढलं. आधी पाकिटावरची मुदत वाचली. मग पाकीट फाडलं, आतली बारीक पुडी हातात घेऊन तिचा रंग पाहिला. ओल शिरली असेल तर तो बदलतो. मुलीचं बोट पुसलं, वाळू दिलं, टोचलं. रक्ताचा इवलासा थेंब, पाच मायक्रोलिटर, टाचणीच्या टोपीएवढा. तो चाचणीच्या पट्टीवरच्या छोट्या खिडकीत सोडला, शेजारच्या खिडकीत औषधाचे मोजून थेंब टाकले. पट्टी सपाट पाटावर ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मॅडम, आता घड्याळ तुम्ही बघा. मी बघितलं की मला घाई होते."

त्या पंधरा मिनिटांत पट्टीत काय चाललेलं असतं, ते सांगते. परजीवी रक्तात स्वतःची प्रथिनं सोडतो. फाल्सिपेरमचं एक खास प्रथिन आहे, एचआरपी-२. पट्टीवर आधीच ते प्रथिन पकडणारी प्रतिद्रव्यं (अँटीबॉडी) वाळवून ठेवलेली असतात, त्यांतली काही सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटवलेली. रक्त पाण्यासारखं पट्टीतून सरकत जातं, वाटेत परजीवीचं प्रथिन या सोन्याच्या कणांना धरून पुढे येतं आणि ठरलेल्या जागी अडकतं. लाखो कण एका ओळीत अडकले की तांबूस रेघ उमटते. होय, ती रेघ सोन्यामुळे लाल दिसते. १८८० साली लाव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरला अल्जीरियात भिंगाखाली हा परजीवी पहिल्यांदा दिसला, तेव्हापासून शंभरहून अधिक वर्षं मलेरिया ओळखायचा तो भिंगातूनच. या पट्ट्या आल्या १९९० च्या दशकात. आता आपल्याकडच्या किटमध्ये फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्स दोन्हींच्या रेघा वेगळ्या येतात.

पडवीत आम्ही थांबलो. पंधराव्या मिनिटाला दोन रेघा होत्या. 'सी'ची, म्हणजे चाचणी नीट झाली याची. आणि 'पीएफ'ची, म्हणजे फाल्सिपेरमची, फिकट पण स्पष्ट. आशाताईंनी आजीला सांगून मुलीला थोडी पेज पाजायला लावली, कारण गोळ्या रिकाम्या पोटी द्यायच्या नाहीत. मग हिरवं पाकीट काढलं. वयाप्रमाणे पाकिटांचे रंग ठरलेले आहेत: पाच ते आठ वर्षांना हिरवं, मोठ्या माणसांना पांढरं. तीन दिवसांच्या गोळ्या. पहिला डोस स्वतः चुरून, पाण्यात कालवून पाजला आणि उलटी होत नाही ना हे पाहायला तिथेच बसून राहिल्या. ताप, तपासणी, निदान, पहिला डोस, सगळं एका पडवीत, तासाभराच्या आत. बावीस वर्षांत मी लाखभर तरी काचपट्ट्या पाहिल्या असतील. पण माझ्या रिपोर्टानंतर रुग्णाला पहिली गोळी किती वेळानं मिळते, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

म्हणून माझं ठाम मत आहे, की पिशवीत किट आहे पण औषध नाही, तर त्या रेघेचा काही उपयोग नाही. आजीला नुसतं 'हिला मलेरिया आहे' सांगून नाल्यापलीकडे परत यायचं, याहून वाईट काय?

पट्टीवर आंधळा भरवसाही ठेवू नये. हे मी टेक्निशियन म्हणून सांगते. किटच्या पाकिटावर किती तापमानापर्यंत चालेल ते छापलेलं असतं, बहुतेकांवर ३० किंवा ४० अंश. आता पत्र्याच्या छपराखालचं एप्रिलचं कपाट डोळ्यांसमोर आणा. एका केंद्रात मी अशी पेटी पाहिली होती. गाव आणि केंद्र सांगत नाही. तिथल्या एका माणसाच्या पट्टीवर 'सी'ची रेघ छान आली, दुसरी काही नाही. म्हणजे निगेटिव्ह. माझं मन मानेना. त्याची काचपट्टी केली तर फाल्सिपेरमचे अंगठीसारखे दिसणारे परजीवी स्वच्छ दिसत होते. 'सी'ची रेघ फक्त एवढंच सांगते की रक्त पट्टीच्या टोकापर्यंत पोचलं. परजीवी पकडणारी प्रतिद्रव्यं उन्हानं मेलीत की जिवंत आहेत, ते ती सांगत नाही. ती सगळी पेटी बाजूला काढायला लावली.

शिवाय रक्तात परजीवी फार थोडे असले तर पट्टी चुकू शकते. एका मायक्रोलिटरमध्ये दोनशे असले तर पकडलेच पाहिजेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा आहे. त्याच्या खाली भरवसा कमी. काही देशांत तर एचआरपी-२ न बनवणारे परजीवीच निघाले, आधी पेरूत, पुढे इरिट्रियात. तेव्हा ताप उतरत नसेल तर एक निगेटिव्ह पट्टी पाहून गप्प बसायचं नाही. पुन्हा चाचणी, काचपट्टी, डॉक्टर.

आणि तापच नसलेल्यांचं काय? जंगलपट्टीत परजीवी अंगात घेऊन चालती-फिरती, रोवणी करणारी माणसं असतात. डास त्यांनाही चावतो आणि पुढच्या घरी जातो. इंद्रावतीपलीकडे बस्तरमध्ये २०२० पासून याच विचारानं घरोघर जाऊन, ताप असो-नसो, सगळ्यांचं रक्त या पट्टीवर तपासायला सुरुवात झाली. ओडिशात दुर्गम भागांसाठी असंच काम २०१७ पासून. पॉझिटिव्ह निघालेल्यांत ताप नसलेले बरेच होते. काचपट्ट्यांवर हे काम झालंच नसतं, कारण एवढे सूक्ष्मदर्शक आणि एवढे डोळे आणायचे कुठून?

तुम्ही म्हणाल, मुंबईत बसून आम्ही हे का ऐकायचं? कारण ही माणसं इथे येतात. आपल्या इमारतीचा स्लॅब घालतात. सणाला गावी जातात, महिन्यानं परततात. आणि आपल्या गच्चीवरच्या उघड्या टाकीत मलेरिया पसरवणारा स्टीफेन्सी डास तयारच असतो. तुमच्याकडे कामाला येणारा कुणी गावाहून आल्यावर तापला, तर डॉक्टरांना गावाचं नाव आधी सांगा. व्हायवॅक्स निघाला तर चौदा दिवसांच्या गोळ्या ताप गेला म्हणून मध्येच सोडू देऊ नका. तो यकृतात दडून बसतो आणि पुन्हा उठतो.

गेल्या नोव्हेंबरात आमच्याकडे एक तरुण आला. लालबागला बांधकामावर होता, गाव गडचिरोलीतल्याच एटापल्ली तालुक्यात. अंग दुखत होतं, थोडी कणकण. कॅम्पमध्ये कुणीतरी पट्टी केली होती, 'पीएफ'ची रेघ आली होती, म्हणून घाबरून धावत आला. मी काचपट्टी केली. शंभर क्षेत्रं पाहिली, समाधान होईना म्हणून आणखी शंभर. एकही परजीवी नाही. एचआरपी-२ उपचारानंतरही काही आठवडे रक्तात राहतं, हे मला माहीत होतं. मी विचारलं, "गावी ताप आला होता का रे?"

तो म्हणाला, "हो, दिवाळीत. आशाताईंनी गोळ्या दिल्या. पाकीट जपून ठेव म्हणाल्या, कुणी विचारलं तर दाखव." आणि त्यानं शर्टाच्या खिशातून ते काढून माझ्या टेबलावर ठेवलं. पांढरं पाकीट, घामानं मऊ झालेलं. वर बॉलपेननं घातलेली तारीख, अठरा दिवसांपूर्वीची. तिन्ही दिवसांचे कप्पे रिकामे.