हिवाळ्यात जनावरांचे केस का झडतात

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो,

दिवाळीच्या पाडव्याला आपल्या कोल्हापुरात म्हशी भादरून, शिंगे रंगवून मिरवल्या जातात, तेव्हा त्यांची कातडी तुकतुकीत असते. पौष उजाडेपर्यंत त्याच दावणीतली जनावरे खांबाला मान घासू लागतात, शेपटीच्या मुळाशी केस विरळ होतात, आणि मग डॉक्टरांना निरोप जातो, ‘एक सुई मारून जावा.’ माझा आग्रह एवढाच आहे की सुईच्या आधी कातडी पाहावी, कारण केस झडण्याची कारणे अनेक आहेत आणि एका औषधाने ती सगळी बरी होत नाहीत.

जनावर दुपारच्या उन्हात उभे करा आणि मानेवरचे, वशिंडाजवळचे व शेपटीच्या मुळाचे केस दोन्ही हातांनी फाकवा. उवा साध्या डोळ्यांना दिसतात, लिखा केसांना चिकटलेल्या असतात. उन्हाळ्यात कातडी तापते म्हणून उवा कमी होतात. थंडीत केस दाट होतात, जनावरे दाटीने बांधली जातात आणि त्या झपाट्याने वाढतात. काही उवा रक्त पितात, काही कातडीवरचा कोंडा कुरतडतात. आयव्हरमेक्टिन या उवा-खरजेवरच्या औषधाची सुई रक्त पिणाऱ्या उवांवर चांगली चालते, कुरतडणाऱ्यांवर तिचा परिणाम अपुरा पडतो. त्यांच्यासाठी अंगावर लावायचे औषध लागते. लिखा मात्र बहुतेक औषधांनी मरत नाहीत. म्हणून सुमारे 14 दिवसांनी दुसरी मात्रा द्यावी लागते, आणि तीही दावणीतल्या सगळ्या जनावरांना एकाच वेळी. एक जरी राहिले तरी उवा पुन्हा पसरतात.

खरजेत कातडी जाड होते, तिला सुरकुत्या पडतात आणि जनावर रक्त निघेपर्यंत अंग घासते. तिचे कीटक डोळ्यांना दिसत नाहीत. जखमेच्या कडेची कातडी थोडे रक्त दिसेपर्यंत खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही, आणि ही तपासणी फारशी अवघड नाही.

वासरांच्या डोळ्यांभोवती व मानेवर राखेच्या रंगाच्या, गोल, खपलीदार चकत्या दिसल्या आणि खाज फारशी नसली, तर तो बहुधा नायटा असतो. तो बुरशीचा रोग आहे. खरजेच्या सुईचा त्यावर काहीही उपयोग होत नाही. बहुतेक वासरांत तो दोन ते चार महिन्यांत आपोआप बरा होतो, पण बुरशीचे बीज गोठ्यातल्या लाकडांवर आणि दाव्यांवर वर्षानुवर्षे टिकते आणि माणसालाही लागते. वासरे कुरवाळणाऱ्या लहान मुलांची मला म्हणूनच अधिक काळजी वाटते. खपल्या उघड्या हाताने काढू नका. खरारा आणि भादरायची हत्यारे एका जनावराची दुसऱ्याला वापरण्याआधी गरम पाण्याने व साबणाने स्वच्छ करा.

आता आपल्या भागाची खास गोष्ट. साखर कारखाने सुरू झाले की गव्हाणीत उसाचे वाडे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, पडते, आणि कित्येक गोठ्यांत महिनोन्‌महिने दुसरे काही पडतच नाही. वाड्यात प्रथिने कमी असतात आणि त्यातले ऑक्झलेट नावाचे द्रव्य कॅल्शियम बांधून ठेवते. अशा जनावराचे केस राठ होतात. तांबे कमी पडले तर काळ्या केसांवर तांबूस झाक येते, विशेषतः डोळ्यांभोवती. येथे औषधापेक्षा कडबा, थोडी हिरवी वैरण, पेंड आणि मोठ्या जनावराला रोज सुमारे 50 ग्रॅम खनिज मिश्रण अधिक कामाला येते. थंडी सरताना खाज नसताना, स्वच्छ कातडीवरून केस गळत असतील, तर ती नैसर्गिक गळ आहे; तिला हात लावू नका.

पिकावर फवारायचे औषध जनावराच्या अंगावर कधीही मारू नका. जनावर अंग चाटते; तोंडातून लाळ गळू लागते, अंग थरथरते आणि काही तासांत ते दगावू शकते. आयव्हरमेक्टिनची सुई दुभत्या जनावराला देऊ नये, कारण ते औषध दुधात उतरते आणि ते दूध आपल्याच घरी व डेअरीत जाते. धार चालू असलेल्या म्हशीला खरूज किंवा उवा झाल्या असतील, तर ती दुभती आहे हे डॉक्टरांना आधी सांगावे आणि तिला चालणारे औषध व दूध न वापरण्याचे दिवस त्यांच्याकडून लिहून घ्यावेत.