हवाईत माणूस कधी पोहोचला? आधी सांगा, कोळसा कशाचा!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय. "दादा, जुन्या पुस्तकात हवाईत माणूस इ.स. ४०० च्या आसपास पोहोचला म्हणतात, नव्यात १००० नाहीतर १२००. खरं काय?" प्रश्न अगदी रास्त आहे, आणि उत्तर चुलीतल्या कोळशात आहे.

मूळ गोष्टी पटकन उरकतो. खालचा थर जुना, वरचा नवा. वस्तू कुठे, कशाशेजारी मिळाली याची नोंद नसेल तर ती मुकी. हे तुम्हाला ठाऊक आहेच.

पण हवाईत खापरंच मिळत नाहीत! आपल्याकडे इनामगावला, नेवाशाला खापरांच्या रंग-नक्षीवरून काळाचा अंदाज येतो. हवाईच्या लोकांनी मडकी घडवलीच नाहीत. म्हणून होनोलुलूच्या बिशप म्युझियमचे पुरातत्त्वज्ञ केनेथ एमरी, योसिहिको सिनोटो यांनी मासेमारीचे हजारो गळ तपासले. दोरी बांधायच्या टोकाला आधी खाच असायची, नंतर गाठीसारखा उंचवटा आला. यातून आधी काय, नंतर काय एवढं कळतं. साल कळत नाही. सालासाठी कोळसाच लागतो.

ओआहू बेटावरच्या कुलिओउओऊ इथल्या कपारीतला कोळसा एमरींनी १९५० मध्ये शिकागोला विलर्ड लिबींकडे पाठवला. कोळशात उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढायची पद्धत याच लिबींची. उत्तर आलं इ.स. १००४, १८० वर्षं मागे-पुढे. पॉलिनेशियातली, म्हणजे हवाईसकट प्रशांत महासागरातल्या त्या बेटसमूहांतली, ही पहिली कार्बन तारीख.

आता नीट ऐका. कार्बन तारीख चूल कधी पेटली ते सांगत नाही. लाकूड कधी वाढलं ते सांगते.

(लाकडाचा गोल काप दाखवत) हे बघा. झाड जिवंत असतानाही आतल्या वलयांत नवा कार्बन जात नाही. ३०० वर्षांच्या झाडाचा गाभा तोडणीच्या दिवशीच ३०० वर्षं जुना असतो. झाडाची साल आणि गाभा एकाच चुलीत जाळा, तारखा दोन येतील.

नाही पटलं? माझ्या आजोळचं घर उतरवलं तेव्हा सागाच्या जुन्या तुळया निघाल्या. आम्ही त्या दोन दिवाळ्या बंबात जाळल्या. त्यातला कोळसा तपासला तर आमची अभ्यंगस्नानं पणजोबांच्याही आधीची ठरतील.

हवाईत तर आणखी एक गोष्ट आहे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे प्रचंड ओंडके वाहत या बेटांना लागायचे, आणि लोक त्यांच्या होड्या करायचे. म्हणजे ज्या झाडाने जिवंतपणी हवाई पाहिलंच नाही, त्याचा कोळसा हवाईतल्या चुलीत! तीच तारीख माणसाच्या आगमनाची धरली तर काय होईल?

म्हणून आता आधी कोळसा कशाचा ते सूक्ष्मदर्शकाखाली ओळखतात. बारीक काटक्या, कुकुईची करवंटी असलं अल्पायुषी घेतात. कुकुई म्हणजे आपला जंगली अक्रोड. त्याच्या बिया तिथे दिव्यासारख्या जाळायचे. २०११ मध्ये पूर्व पॉलिनेशियाच्या १,४३४ तारखा अशा चाळल्या, तेव्हा हवाईसाठी १२१९ ते १२६६ आलं. दुसऱ्या अभ्यासकांना १००० च्या आसपासचा काळ पटतो. वाद चालू आहे, पण ४०० मागे पडलं.

"मग अजून खणा ना!" असं एकाने लिहिलंय. मला हे वाचून वाईट वाटतं. खणलेला थर परत रचता येत नाही. शिवाय माउईवर होनोकाहुआ इथे हॉटेलसाठी १००० हून अधिक पूर्वजांच्या अस्थी उकरल्या गेल्या. १९८८ मध्ये लोक उभे राहिले, हॉटेल मागे सरकलं, अस्थी पुन्हा मातीत गेल्या. ती कुणाची तरी आजी आहे, नमुना नाही.

आणि प्रत्येक वेळी कोळसाच लागतो असंही नाही. माउईवरच्या काहिकिनुईच्या देवस्थानांत, म्हणजे हेइआऊंत, फांद्यांचं पोवळं वाहिलेलं सापडतं. नाजूक टोकं शाबूत, म्हणजे समुद्रातून जिवंतच काढलेलं. पॅट्रिक कर्च आणि वॉरन शार्प या अभ्यासकांनी २००५ मध्ये त्याची युरेनियम-थोरियमने, म्हणजे पोवळ्यातल्या युरेनियमचं किती थोरियम झालं ते मोजून, तारीख काढली. चूक झाली तरी थोड्याच वर्षांची! १६०० च्या आसपास, साधारण ६० वर्षांत ती देवळं उभी राहिली असं त्यांनी मांडलं. पोवळं समुद्रातून काढलं तेव्हाच मेलं, आणि लगेच देवाला वाहिलं. इथे गाभ्याचा प्रश्नच येत नाही.